‘लेट ऑन’चा अर्थ

ता. ४ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. लेक दोन दिवस राहून काल तुमच्या गावी परतला. उसवलेला शर्ट इथेच टाकून गेला. तो शिवायला घेतला, तर खिशात सूनबाईची चिठ्ठी. इंग्रजीत, म्हणजे मला कळू नये म्हणूनच: ‘डोन्ट लेट ऑन टू आई.’ डोन्ट म्हणजे नको आणि आई म्हणजे मी, एवढं समजलं. डिक्शनरीत ‘लेट’ म्हणजे भाड्याने देणे, ‘ऑन’ म्हणजे वर. माझ्या शिलाई मशीनची वरची खोली भाड्याने द्यायचा घाट तर नाही ना? कुठेतरी पाणी मुरतंय. तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस, नीट अर्थ कळव. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

ता. ९ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि. ‘लेट ऑन’ म्हणजे वर चढू देणे. तुला चक्कर येते, तेव्हा एकटीला बसमध्ये चढू देऊ नको, असं सूनबाईने लिहिलं असणार. उगाच संशय नको. आहे तसा लोभ राहू दे.
धाकटा

ता. १३ मार्च
चि. धाकट्यास,
आशीर्वाद, पण अर्धेच. साधं ‘पुट’ विचारलं तरी तू चार पानं उदाहरणं लिहितोस, आणि या वेळी दोन ओळी? म्हणून कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हा बोलीतला शब्द. आपल्याला ठाऊक असलेलं दुसऱ्याला कळू देणे. बहुतेक नकारातच वापरतात, ताकास तूर लागू देऊ नको, असा. म्हणजे सूनबाई काहीतरी लपवतेय, आणि तूही तिला सामील! तीन रविवार तुझा फोन तीच उचलते, मामा झोपलेत म्हणते. सकाळी अकराला? काय शिजतंय ते उलट टपाली कळव. रागावले तरी तुझीच,
ताई

ता. १७ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि. जन्मात पहिल्यांदा मुद्दाम चुकीचा अर्थ सांगितला. माझ्या घशात गाठ आहे. सव्वीसला स्वरयंत्र काढणार. नंतर आवाज राहणार नाही. घोगरा आवाज ऐकून तू ओळखलं असतंस, म्हणून फोनवर आलो नाही. तुला कळू द्यायचं नाही, ही शपथ मीच दोघांना घातली. सूनबाई महिनाभर माझं सगळं करतेय, तिच्यावर डूख धरू नकोस. माझ्यावर धर, पण थोडा.
धाकटा

ता. २० मार्च
चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद. पोरी, तुझ्याबद्दल मनात नाही नाही ते आणलं. समोर कबूल करायला जीभ रेटणार नाही, म्हणून आधी लिहिते. मी पंचवीसला सकाळी पोचते. तोवर मामाला शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलू देऊ नकोस. खोटं बोलला म्हणून मला त्याच्याशी दिवसभर कडाकडा भांडायचंय. तेवढा आवाज त्याच्यात शिल्लक राहू दे.
तुझी सासू