अर्धवट शेक

अहो,

कॅन्सरची गाठ परत आली, जुन्या टाक्यांच्या शेजारीच. गिऱ्हाइकांचं आटोपून स्वतःच्या ब्लाउजचं माप घेत होते, तेव्हा हाताला लागली.

पहिल्या वेळी डॉक्टरीणबाईंना तुम्हीच म्हणालात, "गाठ तेवढी काढा, स्तन राहू द्या." त्या तयार झाल्या, फक्त किरणांचा शेक पूर्ण घ्या म्हणाल्या. कातडी काळी पडायला लागली तशी तुम्ही मला अर्ध्यावरच घरी आणलंत. "सगळी शोभा जाईल," म्हणे!

आणि ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केलात, ते पाहिलंत कधी? दिवा मालवल्याशिवाय जवळ आला नाहीत.

हे पत्र टाकणार नाही. कळलं तर नोकरीवरून धावत याल आणि पुन्हा डॉक्टरांना शिकवाल. या वेळी मीच पूर्ण काढायला सांगितलंय. सुट्टीवर याल तेव्हा दिवा चालूच ठेवीन.

तुमची,
शिंपीण