सोमवारचं पत्रक, गुरुवारची सभा

प्रिय ठोंब्या,

तू आता एवढा मोठा डॉक्टर, हाताखाली चार माणसं, आणि आई अजून ठोंब्याच म्हणते म्हणून रागावू नकोस. दुसऱ्या कुठल्याही नावाने सुरुवात केली की पत्र पुढे सरकतच नव्हतं. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी 'ठीक आहे', 'कामात आहे', की संपलं. बाबांना जाऊन दोन वर्षं होत आली आणि तेवढ्यात आपलं बोलणं इतकं आटलं की तुझा आवाज मला आठवून आणावा लागतो. म्हणून लिहायला बसले. पत्रही तू अर्ध्यात ठेवून देशील कदाचित, पण निदान ते मला इथे कळणार नाही.

माझं म्हणशील तर सगळं जिथल्या तिथे आहे. वैद्यकीय महाविद्यालयाचं तेच संशोधन कार्यालय, खिडकीजवळचं तेच टेबल, आणि दर सोमवारी सगळ्या विभागांना जाणारं तेच पत्रक. येत्या दिवसांतली व्याख्यानं, कार्यशाळा, कुठलं अनुदान कुणासाठी निघालंय आणि अर्जाची मुदत कधी संपते, एवढंच त्यात. नियमही तोच, माणूस कितीही मोठा असो, प्रत्येकाला चार ओळी. मूत्रपिंडवाले प्राध्यापक अजूनही पानभर मजकूर पाठवतात आणि मी कात्री लावली की आठवडाभर तोंड पाडून फिरतात. परवा जिन्यात भेटले तर म्हणाले, बाई, तुम्ही चुकून कार्यालयात आलात, तुमची जागा शस्त्रक्रिया विभागात होती. मी म्हटलं, तिथे निदान भूल देऊन कापतात, तुम्हाला सोसलं असतं.

हे घरी येऊन सांगायला आता कुणी नाही. तुला आठवत असेल, रविवारी सकाळी मी पत्रकाचा कच्चा मसुदा टेबलावर ठेवायचे आणि बाबा टोस्ट खाता खाता तो बातम्यांसारखा मोठ्याने वाचायचे. आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं, पण कुठल्या अनुदानाची मुदत कधी संपते ते त्यांना तोंडपाठ. हाडांच्या ठिसूळपणावरच्या अर्जाची तारीख पुढे ढकलली, की हे असे खूश व्हायचे जणू यांचाच अर्ज राहिला होता. आणि सगळ्यांसाठी खुलं असलेलं एकही व्याख्यान त्यांनी चुकवलं नाही. स्वच्छ शर्ट घालून, केस पाण्याने चापून, बरोबर समोर जाऊन बसायचे. हृदयाच्या झडपांवरच्या व्याख्यानानंतर उठून त्यांनी विचारलं होतं, एवढी उघडझाप होते तर तिथे वंगण कोण घालतं? सगळं सभागृह हसलं. तुला त्या गोष्टीची लाज वाटली होती. तेव्हा तू दुसऱ्या वर्षाला होतास आणि मागे मित्रांबरोबर बसला होतास. बाबांना ते दिसलं होतं, पण त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

डॉक्टर लोकांवर त्यांचा जीव का होता तेही तुला ठाऊक आहे. तुझा जन्म व्हायच्या आधी लिफ्टच्या दारात त्यांचा डावा हात सापडला आणि करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही जवळजवळ गेलीच होती. इथल्याच एका सर्जनने ती जोडली. करंगळी परत कधी वाकली नाही. चहाचा कप धरला की ती आपली ताठ, मोठ्या घरच्या पाहुणीसारखी. रस्ता ओलांडताना तू नेमकी तीच धरायचास, कारण म्हणे ती सुटत नाही.

आता जे लिहायचं आहे त्याच्याभोवती मी कधीची घुटमळते आहे. लिहूनच टाकते.

तू पहिल्या वर्षाला होतास. जेवताना तू शरीररचना विभागातल्या गमती सांगायचास. तुमच्या टेबलावर जो मृतदेह होता त्याचं नाव तुम्ही 'मामा' ठेवलं होतं. मामांच्या डोक्यावर कुणी तरी टोपी घातली, मामांना कुणी तरी परीक्षेचा पेपर विचारला, असं काय काय. आम्ही दोघंही हसलो. नंतर बाबांनी विचारलं, मामांच्या घरी कोण कोण आहे रे? तू म्हणालास, ते आम्हाला सांगत नाहीत. मग बऱ्याच दिवसांनी एकदा माझी जेवणाची सुट्टी गाठून ते महाविद्यालयात आले, मला हाताला धरून वरच्या मजल्यावर घेऊन गेले, आणि आम्ही दोघांनी एकाच पेनाने देहदानाची सही केली. लग्नानंतर दोघांच्या सह्या एका कागदावर पहिल्यांदाच आल्या म्हणून केवढे हसले होते! त्यांना वाटलं होतं, तुला अभिमान वाटेल. रात्री जेवताना सांगितलं, तर तू ताटावरून उठलास. म्हणालास, बाबा, तिथे काय होतं ते मला माहीत आहे, तुम्हाला नाही. त्यानंतर हा विषय घरात निघाला नाही आणि आम्ही दोघांनीही तो काढला नाही, हे आमचं चुकलं की शहाणपण होतं ते मला आजही कळत नाही.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की देह द्यायला कुणासाठी थांबायचं नाही. 'कुणासाठी' म्हणजे कुणासाठी, ते दोघांनाही समजत होतं. ते सकाळी गेले. विभागाची गाडी दुपारी आली. तुझं विमान संध्याकाळी उतरलं. तू बॅग हातात घेऊन आत आलास तेव्हा पलंगावर फक्त घडी केलेली चादर होती. तू मला काहीच बोलला नाहीस रे. ओरडला असतास, भांडला असतास तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. तू त्या चादरीवर हात ठेवून बसलास आणि दुसऱ्या दिवशी परत गेलास. अजून डोळ्यांपुढून ते जात नाही. लोक म्हणतात काळ जातो तसं दुःख कमी होतं. माझं नाही झालं. तेव्हा बाबा गेले होते, आता तूही गेल्यासारखा आहेस, आणि रोज कामावर जाताना मी त्याच इमारतीवरून जाते ज्यात ते आहेत.

गेल्या महिन्यात एक मुलगी माझ्याकडे आली. वेणी अर्धी सुटलेली, पेनाचं टोपण चावून चावून चपटं केलेलं. विद्यार्थ्यांना सुट्टीत शस्त्रक्रिया विभागात शिकता यावं म्हणून एक छोटं अनुदान असतं, त्याचा अर्ज तिला भरायचा होता आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. हातावरच्या शस्त्रक्रिया शिकायच्यात, पण का शिकायच्यात ते लिहिता येईना. अशा मुलांचं मी काय करते ते तुला माहीत आहे. पेन खाली ठेव म्हणते, आणि मला तोंडाने सांग. तर ती सांगायला लागली. आमच्या टेबलावर एक जण होते, म्हणाली. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं कुणीतरी फार पूर्वी जोडलेली होती. शिकवणाऱ्या बाईंनी आतले जुने टाके दाखवले, मग बाकी सगळे जेवायला गेले आणि ही तो हात हातात घेऊन तिथेच उभी राहिली. एवढं बारीक काम कुणीतरी कुणासाठी तरी केलं होतं, म्हणाली, आणि मला तेच करायचं आहे.

माझ्या हातातला कागद मी खाली ठेवला. ती बोलतच होती. त्या टेबलावरच्या देहाचं नाव मुलांनी 'सर' ठेवलं होतं. का, तर त्यांच्या हातातली एक रक्तवाहिनी पुस्तकात दाखवलेल्या जागेच्या बरीच वर फुटत होती. पहिल्याच छोट्या परीक्षेत सगळ्यांनी पुस्तकातलं उत्तर दिलं आणि सगळे नापास झाले. तेव्हापासून रोज सकाळी टेबलाशी येऊन म्हणायचे, सर, आज जरा सांभाळून घ्या. आणि संध्याकाळी चादर ओढताना त्यांच्यातला एक जण म्हणायचा, येतो सर.

मी विचारलं, चेष्टा करायचात का? ती लाल झाली. पहिल्या आठवड्यात केली, म्हणाली, नंतर नाही झाली. खोटं बोलली नाही म्हणून मला ती आवडली. तुझे बाबा शाळेनंतर एकही इयत्ता शिकले नाहीत, आणि सहा मुलं वर्षभर त्यांना रोज सर म्हणत होती. मी तिला काही सांगितलं नाही. कुठला देह कुणाचा, हे घरच्यांनाही कळू द्यायचं नाही आणि मुलांनाही नाही, असा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. तिचा अर्ज नीट करून दिला, तिची पाठ वळली, आणि मग फाइलींच्या खोलीत जाऊन मी ढसाढसा रडले. इतकी वर्षं नोकरी केली पण तिथे कधी रडले नव्हते. मूत्रपिंडवाले फाइल शोधायला आले, मला तसं बघितलं आणि दार लावून बाहेर उभे राहिले, कुणी आत येऊ नये म्हणून. माणूस वाईट नाही. पुढच्या सोमवारी मी त्यांना पाच ओळी दिल्या.

हे कुणालाच सांगितलं नव्हतं, तुलाच पहिल्यांदा सांगते आहे.

या सोमवारच्या पत्रकात, लसीकरणावरचं व्याख्यान आणि प्रवास अनुदान यांच्या मधे, आणखी एक कार्यक्रम आहे. देहदात्यांच्या कुटुंबीयांसाठी कृतज्ञता सभा, गुरुवारी, मोठ्या सभागृहात. विद्यार्थी दोन शब्द बोलतील, नंतर चहा. बाबांच्या देहावरचं शिक्षण संपलं, आता अंत्यसंस्कार वगैरे पुढचं सगळं विभागच करेल. दरवर्षी या सभेला मी दाराशी उभी राहून येणाऱ्यांना जागा दाखवते. यंदा विभागप्रमुख स्वतः खाली येऊन विचारून गेले, बाई, तुम्ही दाराशी उभ्या राहणार की आत बसणार?

आधी मला वाटलं होतं, त्या मुलीचं सगळं तुला लिहावं आणि म्हणावं, बघ, तुला भीती होती तसं काही झालं नाही, आता तरी ये, माझ्या शेजारी बस. ते पत्र मी लिहायलाही घेतलं होतं. पण लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की त्या मुलीने जे दिलं ते मला दिलं, तुला त्यातून काय मिळणार? तुला बाबांचा मान नको होता. तुला त्यांचं तोंड बघायचं होतं. एवढंच मागणं होतं, कुठल्याही मुलाचं असतं तसं, आणि त्याला माझ्याकडे दोन वर्षांपूर्वीही उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

म्हणून काल मी वरच्या मजल्यावर गेले आणि देहदानातून माझं नाव काढायला सांगितलं. तिथला कारकून माझ्याकडे बघतच राहिला. दरवर्षी देहदानाचं आवाहन तुम्हीच छापता, म्हणाला, आणि तुम्हीच? मी म्हटलं, हो, मीच. मला एक मुलगा आहे. तुझ्या बाबांबरोबर सही करून दिलेला शब्द मी मोडला, आणि त्याचं मला वाईट वाटतंय, खूप वाटतंय, ते तुझ्यापासून लपवत नाही. पण ते समजून घेतील, आणि नाही घेतलं तर मी त्यांना बघून घेईन. मला काही झालेलं नाही, लगेच घाबरून तिकीट काढू नकोस. फक्त एवढं तुला माहीत असावं म्हणून हे पत्र लिहिलं, की मी गेले की मला तुझ्यासाठी थांबवून ठेवतील. कितीही उशिरा आलास तरी मी तिथे असेन, तुला माझं तोंड बघता येईल. पण बाळा, तेव्हा तू काही बोललास तरी मला ऐकू येणार नाही. त्याच्या आत एकदा ये. ओरड, भांड, तेव्हा जे बोलला नाहीस ते सगळं बोल. दार मीच उघडेन.

तुझ्यावर रागावता न येणारी, तुझीच,
आई