कव्हरचे दोन बोल्ट

सर, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुम्हाला काही लिहायला मी आज पहिल्यांदाच बसले आहे. आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या वर्गात तुमच्याकडे एकच मुलगी होती, ती मी. सध्या परभणीत इलेक्ट्रिक गाड्यांच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये आहे. वॉरंटीचं टेबल माझ्याकडे असतं, आणि दुरुस्त झालेल्या गाडीची शेवटची तपासणीही. कुठलं नुकसान कंपनीचं आणि कुठलं गाडीवाल्याचं, हे आधी मी लिहिते, मग वरचे लोक शिक्का मारतात. या गाड्या तुम्हाला बघायला मिळाल्या नाहीत. इंजिन नाही, ऑइल नाही, सायलेन्सर नाही. बॉनेट उघडून तुम्ही नक्की म्हणाला असतात, "मग आपण करायचं काय ह्यात?" पण खाली, चारी चाकांच्या मधे, पलंगाएवढी बॅटरी असते सर, आणि तळाला जाड प्लास्टिकचं कव्हर. आपल्याकडच्या रस्त्यांनी ते कव्हर फाटून येणारी एखादी तरी गाडी रोज असते.

पहिला महिनाभर मी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये ओढणी कमरेला बांधून उभी असायचे, कारण मुलांच्या मापाचा बॉयलर सूट माझ्या अंगावर राहत नव्हता. एका सोमवारी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा माझ्या हातात दिलात. "तुझ्या काकूनं शिवलाय. बाह्या लांब झाल्या तर सांग." बाह्या लांबच होत्या. मी सांगितलं नाही, दोन वर्षं दुमडून घातल्या. तो सूट नवा कोरा असतानाच मी तुमची बोलणी खाल्ली. जुन्या जीपच्या खालून कसला आवाज येतो ते शोधून लिहून आणा, असं तुम्ही सांगितलं होतं. मी मुलांना विचारलं आणि सुवाच्य अक्षरात लिहून आणलं. तुम्ही कागद वाचलात, मग मला मागं वळायला लावून माझी पाठ बघितलीत.

"गाडीखाली गेलतीस का?"

"मुलं गेलती, सर."

"पाठी त्यांच्या मळल्या अन् सही तुझी? काय लिहायलीस तू हे? न बघता लिहिलेलं खरं निघालं तरी ते खोटंच हाय, पोरी."

सगळ्यांसमोर कागद फाडलात. मी ग्रीसच्या डब्यापाशी जाऊन रडत उभी राहिले. थोड्या वेळानं बघते तर तुम्ही स्वतः जीपखाली सरकलेले, फक्त चपला बाहेर. आतून हाक आली, "ये, दोघं मिळून बघू." मी सिमेंटवर उताणी पडून आत गेले. पाहुण्याला आपलं घर दाखवावं तशी तुम्ही मला त्या जीपची खालची बाजू दाखवलीत, एकेका बोल्टवर टॉर्चचा उजेड धरून. रडणं कधी थांबलं ते कळलंच नाही.

आता आजचं सांगते, म्हणजे या महिन्यातलं. एक सिस्टर आहेत, राहतात गंगाखेडला, नोकरी पालमच्या बाजूला एका आरोग्य उपकेंद्रात. रोज गाडीनं जाऊन येऊन करतात. त्यांच्या गाडीचं खालचं कव्हर फाटून लोंबत होतं. वर्कशॉपमधल्या पोरांनी मोबाइलवर फोटो काढून टेबलावर पाठवले. मी फोटो बघितले आणि लिहून टाकलं, बाह्य आघात. म्हणजे गाडी कशावर तरी आपटली, कंपनीचा संबंध नाही. हे दोन शब्द नुसत्या कव्हरपुरते राहत नाहीत, सर. गाडीच्या नोंदीत एकदा ते बसले की उद्या बॅटरी बिघडली तरी कंपनी तेच दाखवते, आणि या गाड्यांत बॅटरी म्हणजे जवळजवळ अर्धी गाडी. सिस्टरना हे माहीत होतं. त्या भांडल्या नाहीत. माझ्या समोरच्या खुर्चीत बसून शांतपणे म्हणाल्या, "रस्ता खराब हाय, न्हाई म्हणत न्हाई मी. पण गाडी आपटली असती तर मला कळलं नसतं का? मागच्या महिन्यात तुमच्याकडून नेली, दुसऱ्या दिवसापासून खालून फडफड आवाज यायलाय. मॅडम, तुमी सोता खाली बघितलं का?"

मी "बघते" म्हणाले. मान वर करून म्हणायला जमलं नाही.

गाडी लिफ्टवर चढवली आणि मी खाली उभी राहिले. आपटलेल्या कव्हरची पुढची कड खरवडलेली असते. ही कड स्वच्छ होती. पुढच्या दोन बोल्टांच्या जागा रिकाम्या होत्या, आणि भोकं गोल, शाबूत. बोल्ट ओढून निघाला असता तर भोक फाटलं असतं. तिथं बोल्ट बसवलेच नव्हते. कव्हर पुढून सुटं राहिलं, वाऱ्यानं फडफडलं, त्यात चिखल भरला आणि वजनानं ते मागून फाटत गेलं. महिन्यापूर्वी कूलंटची गळती बघायला ते आमच्याच वर्कशॉपमध्ये काढलं होतं. मी ते जुनं जॉबकार्ड मागवलं. शेवटच्या तपासणीखाली सही माझी होती. गाडी तेव्हा लिफ्टवरून उतरली होती. परत चढवा म्हणायचा मला कंटाळा आला होता.

खोटं कशाला सांगू, ते कार्ड मी अर्धा तास ड्रॉवरमध्ये ठेवलं. डबा खाल्ला. मुलीच्या शाळेचा फोन आला, तो घेतला. मग कार्ड बाहेर काढून पहिला अहवाल रद्द केला आणि दुसरा लिहिला. आघात नाही, बोल्ट बसवले गेले नाहीत, तपासणी माझी. मॅनेजर म्हणाले, "तुम्हाला कुणी विचारलं होतं का एवढं?" मी म्हणाले, "सिस्टरनी विचारलं होतं." ते पुढं बरंच बोलले.

कव्हर वर्कशॉपनं स्वतःच्या खर्चानं नवीन बसवलं, बॅटरी तपासली, ती ठणठणीत निघाली, नोंद दुरुस्त झाली. मला मेमो मिळाला. तीन महिने माझ्या सहीवर आणखी एकाची सही लागते, आणि तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे. सकाळी त्याच्यापुढं कागद सरकवताना अजून कान गरम होतात. सिस्टरचा मात्र गाडी नेली त्याच दिवशी फोन आला. "मॅडम, पालम आलं. आवाज न्हाई बरं का." एवढंच बोलून त्यांनी ठेवला. तेव्हाच तुम्हाला लिहावंसं वाटलं.

हा कागद कुठं पाठवायचा ते मला ठाऊक नाही, आणि काकूंकडे नेऊन देण्याचं धाडस नाही, कारण एक गोष्ट राहिली आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी आले नाही. वर्गातली सगळी मुलं आली होती, नाशिकला, पुण्याला असलेलीसुद्धा. मला सुट्टी मिळाली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. सर, सुट्टी मी मागितलीच नव्हती.