मधलं कपाट

ता. ४ मार्च
ती. काकांस सा. न. वि. वि.

आठवडाभर पत्र नाही म्हणून रागावू नका. पाव फुगवणाऱ्या यीस्टने मला जेरीस आणलंय. त्याच्या पेशीत जनुकं एका लांब धाग्यावर ओळीने असतात. एखादं जनुक कामाला लागलं की धाग्याला पीळ पडतो. काही प्रथिनं तो धागा ठरावीक जागी घट्ट धरून बसतात, म्हणून एका भागातला पीळ दुसऱ्यात जात नाही आणि प्रत्येक भाग स्वतंत्र राहतो, असं माझं म्हणणं. त्यातलं एक प्रथिन काढून टाकलं आणि लगतच्या कामसू जनुकाकडे पाहिलं, तर त्याच्या कामात ढिम्म फरक नाही. तीनदा केलं. महिनाअखेर काही दिसलं नाही तर हा विषय सोडावा लागेल, असं माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. दोन वर्षं पाण्यात. बाबांना सांगू नका.

तुमची,
मुंगी

ता. ११ मार्च
चि. मुंगीस अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांना सांगितलं नाही. तो माझ्याशी बोलतोय कुठे? रंगकामासाठी आमच्या खोलीतलं मधलं कपाट माझ्या शब्दकोशांसकट बाहेर काढलंय. आता एका अंगाला माझी संस्कृतची शिकवणी, दुसऱ्या अंगाला दादाचं घड्याळदुरुस्तीचं टेबल, मधे काही नाही. मुलं देवः देवौ देवाः घोकतात आणि दादाचा हात त्या तालावर चालतो. त्याच्या मते देवौला स्क्रू घट्ट बसतो आणि देवाःला त्याची मान मोडते. आजवर चार मोडले. मला विचारशील तर कपाट गेल्याने तसूभर फरक पडलेला नाही. ते तिथे काय करत होतं, असं मी दादाला म्हटलं, तेव्हापासून अबोला आहे.

विषय सोडायची घाई नको. जेवत जा.

काका

ता. २६ मार्च
ती. काकांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग चहा तसाच टाकून प्रयोगशाळेत गेले. कपाट गेल्याने काय झालं, हे मी इतके दिवस जणू तुम्हालाच विचारत होते. विचारायला हवं होतं बाबांना. प्रथिनाच्या पलीकडचं गप्प जनुक मी कधी तपासलंच नव्हतं. साठवलेले नमुने काढून मोजलं, तर प्रथिन गेल्यापासून ते शेजाऱ्याच्या तालावर नाचतंय. शेजाऱ्याचं काम थांबवलं की तेही गप्प. सगळं नव्याने करून पाहिलं, तेच. मॅडमनी आकडे दोनदा वाचले आणि हे सुचलं कसं म्हणून विचारलं. मी कपाट म्हटलं. त्यांनी मला दोन दिवस रजा घ्यायला सांगितलंय. पण विषय राहिला, काका. आता बाबांना खुशाल सांगा.

तुमची,
मुंगी

ता. २ एप्रिल
चि. मुंगीस अनेक उत्तम आशीर्वाद.

सांगितलं. दादाने चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि मोडलेले चारही स्क्रू तुझ्यासाठी डबीत घालून ठेवलेत.

कपाट जागेवर आलं. दोन दिवस पलीकडे अगदी शांतता. आज माझा घसा बसला म्हणून मुलांना सुट्टी दिली, तर दुपारी कपाटाच्या पाठीवर टकटक झाली. आज देव कुठे गेले, अशी चौकशी होती. हात चालत नाही म्हणे.

तुझ्या प्रथिनांना यातलं काही कळवू नको. लोभ आहेच, कपाटाआडूनही पोचतो, तसाच राहू दे.

काका