देवयानीतल्या जागा आणि कलम तीनची अट

मी, मृणालिनी विश्वेश्वर पुणतांबेकर, वय एकाहत्तर, निवृत्त खगोलशास्त्र अध्यापिका, राहणार बालाजी घाट, वाराणसी, डोके पूर्ण ठिकाणावर असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करते. मला आता नीट दिसत नाही, म्हणून मी सांगते आहे आणि बहिणीची मुलगी देवश्री टंकते आहे.

१. आकाशाचे फोटो घेतलेल्या काचा व त्या मोजण्याचे यंत्र देवश्रीला. याच यंत्रावर मी देवयानी दीर्घिकेतल्या बिंबाभ्रिकांच्या, म्हणजे मरत्या ताऱ्यांनी सोडलेल्या वायूच्या कवचांच्या, नेमक्या जागा मोजल्या. काच एकदा मोजली की उलटी फिरवून पुन्हा मोजायची, कारण डोळा एका बाजूला झुकते माप देतो. पुण्याची माझी वर्गमैत्रीण शरदिनी हिला तेवढा धीर कुठला! तिने काढलेल्या जागांवर दुर्बीण लावली तेव्हा नुसता अंधार आला. माझ्या जागांवर लावली तेव्हा अभ्रिकांचा प्रकाश मिळाला, त्यावरून तिने त्यांचे वेग काढले आणि पदक घेतले. भाषणात मी "बनारसच्या एक बाई". मी समोरच बसले होते.

२. जांभळा शालू धाकटी बहीण सुनीती हिला. पदक घ्यायला शरदिनीने तो माझ्याकडून मागून नेला होता. तिला तो माझ्यापेक्षा जास्त शोभला, असे सुनीती अजून म्हणते. मी तो पुन्हा नेसले नाही.

३. राहते घर देवश्रीला. परंतु शरदिनीच्या हाताखाली चाललेले पीएच.डी.चे काम तिने सोडले पाहिजे. ही मुलगी तिला शरदिनीमावशी म्हणते. मावशी मी आहे. दिवाळीला आल्यापासून रोज तिला फोन, आणि हसणे पार घाटापर्यंत. माझा जळफळाट होतो, हेही लिहावे.

४. वरील कलम देवश्रीने टंकले. मग आपल्या थोरल्या भावाचे नाव काढून म्हणाली, "घर सुशांतदादाच्या नावावर लिहू का? माझं काम नाही सुटणार. फक्त मी होळीला आले की मला इथे राहू दे म्हणावं त्याला."

"घर गेलं तरी येशील?"

"कमाल करतेस, मावशी! मी काय घर बघायला येते?"

सबब कलम तीनमधील अट रद्द. घर बिनशर्त देवश्रीचे. मात्र ते कलम खोडू नये. माझ्या पश्चात या मृत्युपत्राची एक प्रत शरदिनीला पाठवावी. घर मिळणार नव्हते तरी मुलगी कोणाकडे येणार होती, ते तिने वाचावे.

सही: मृणालिनी वि. पुणतांबेकर

ही सही आम्हा दोघांच्या देखत झाली:
१. वेणीमाधव शेवडे, शेजारी
२. डॉ. केयूर मोघे

वाराणसी, ४ नोव्हेंबर २०२४