लांबून बैल टिपणारी लेन्स

मी, भुजंग रामकिसन गाढे, वय शेहेचाळीस, धंदा फोटोग्राफी, राहणार हसनाबाद, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, पूर्ण शुद्धीत, कोणीही दडपण आणलेले नसताना हे मृत्युपत्र करतो. दडपण आहे ते माझे माझ्याच मनावर. येत्या बुधवारी औरंगाबादला माझ्या पायातली सळई काढायची आहे. "हृदय नाजूक आहे, भूल जपून द्यावी लागेल," असे डॉक्टर म्हणाले आणि पुढचे बोलणे त्यांनी माझ्या बायकोकडे बघून केले. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

१. स्टँडजवळची स्टुडिओची खोली, मागची डार्करूम, एन्लार्जर, दिवे आणि बागेचे चित्र असलेला पडदा हे सर्व माझी पत्नी पुष्पाबाई हिला मिळावे. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा खोली आपल्याकडेच येणार असे माझा धाकटा भाऊ तातेराव धरून चालला आहे. खोली वडिलोपार्जित नाही, माझ्या कमाईची आहे.

२. शेतातला माझा वाटा पुष्पाबाईने हयातभर खावा, नंतर तो तातेरावाच्या मुलांना जावा. मुलांवर माझा राग नाही. पण "वहिनीला बैलांपुढं उभी करून दादा घरात बसला" हे तातेराव चारचौघांत हॉटेलात बोलला. मेल्यावर विसरेन कदाचित, आज विसरलेलो नाही.

३. मी घरात का बसलो ते लिहून ठेवतो. शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, फोटो काढायला माझ्याकडे आखूड लेन्सच होती. बैल मोठा दिसायचा तर धावपट्टीला खेटून उभे राहावे लागे. दोन वर्षांपूर्वी एक जोडी बिथरून पट्टीबाहेर आली आणि छकड्याचे चाक माझ्या गुडघ्यावरून गेले. पायात सळई घालून मी खाटेवर पडल्यावर पुष्पाबाईने कॅमेरा गळ्यात घातला आणि पटाला जाऊ लागली. तिचे रोल मी कुबडीच्या आधाराने उभा राहून धूत असे. ट्रेमधल्या कागदावर बैलाच्या तोंडचा फेस दिसू लागला की मी तिला डार्करूमच्या दाराशी बोलावत असे.

"अगं, एवढ्या जवळ उभी होतीस?"

"फोटो चांगला आला का न्हाई, ते सांगा."

"चांगला आलाय. म्हणूनच भ्या वाटतंय."

४. यावर झूम लेन्स हाच उपाय होता. मागच्या महिन्यात आम्ही दोघे औरंगाबादला गेलो. परवडतील अशा दोनच लेन्स दुकानदाराने काढल्या. एक नवी, अठ्ठावीस ते दोनशे मिलीमीटरची, हलकी. "ताई, प्रवासाला हीच न्या. लग्न, सहल, जत्रा, सगळं एकीत भागतं," तो म्हणाला. दुसरी जुनी, सत्तर ते दोनशे दहाची, हातात धोंड्यासारखी. जीपच्या टपाला लटकून जाणाऱ्या बाईला हलकीच बरी, असे माझे मत पडले. पुष्पाबाईने दोन्ही लावून दुकानाच्या दारातून धावत्या रिक्षा पाहिल्या.

"ही पुरी लांब केली की अंधारतंय," ती नवीबद्दल म्हणाली. "उजेड कमी म्हणजे शटर सावकाश ठेवावं लागंल. बैल काय माझ्यासाठी थांबून राह्यले का?"

मग तिने जुनी लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशी नाही ना ते पाहिले आणि म्हणाली, "ही अंधारत न्हाई, ही द्या. वजन माझ्या खांद्यावर हाय, तुमच्या न्हाई."

५. ती लेन्स माझ्या मिळकतीत कोणी धरू नये. छकडेवाल्यांना फोटो विकून तिने ती स्वतः घेतली. ती माझी नाही, त्यामुळे कोणाला देण्याचा अधिकार मला नाही आणि मागण्याचा तातेरावाला नाही.

६. पुष्पाबाईने पट सोडावा असे एक कलम मी लिहिले होते. तिने वाचले आणि जेवण वाढता वाढता विचारले, "तुमी सोडला असता का?" कलम खोडले आहे. विनंती एवढीच, की लेन्स लांब उभे राहण्यासाठी आहे. बैल मोठा दिसतोय म्हणून आणखी पुढे सरकू नये.

आज ती टेंभुर्णीच्या पटाला गेली आहे. दिवेलागण झाली, जीप अजून नाही. साक्षीदार खोळंबले आहेत, म्हणून सही करतो. सही वाकडी आली तर नजर रस्त्याकडे होती, त्याचे कारण आजार नव्हे, हे कोर्टाने ध्यानात घ्यावे.

हसनाबाद, ता. ११ फेब्रुवारी १९९६
(सही) भुजंग रामकिसन गाढे

साक्षीदार, आमच्या समक्ष सही झाली:
(सही) श्रीपती देशपांडे, निवृत्त मुख्याध्यापक
(सही) सर्जेराव पवार, शिंपी, शेजारी

पुरवणी: वरील सह्या वाळण्याआधी जीप आली. पुष्पाबाई धुळीने माखलेली, पण धड आहे. मी विचारले, "कुठं उभी होतीस?" ती म्हणाली, "बाभळीखाली. पार लांब. एक जोडी सुटली, लोक पळाले. मी जाग्यावरूनच काढत राह्यले." सर्जेरावाने तिला पाणी दिले. रोल माझ्या हातात आहे. बुधवारच्या आत मी तो स्वतः धुणार आहे. या मजकुराखाली आम्ही तिघांनी पुन्हा सह्या केल्या.

(सही) भु. रा. गाढे
(सही) श्री. देशपांडे
(सही) स. पवार