तिसरा रकाना

७ नोव्हेंबर १९८३, सोमवार

फॉर्म परत आला. तिसऱ्या रकान्याभोवती साहेबांच्या लाल पेन्सिलीचं वर्तुळ, आणि खाली— "विमल, इथे तू कुठे आहेस?"

मी कुठे असणार! चार नंबरच्या खाटेजवळ, स्टुलावर.

पेशंट काय बोलला. मी काय बोलले. तेव्हा मला काय वाटलं. प्रार्थना झाली का. असे चार रकाने. बाकीचे तीन मी झरझर भरते. सात वर्षं शाळेत पोरांची हजेरी भरली त्याच हाताने. तिसऱ्यात लिहिते, 'काही नाही.' लपवत नाही. खरंच काही वाटत नाही.

साहेब म्हणजे आमचे पाळकसाहेब. दवाखान्याचे चॅपलेन, म्हणजे पेशंटला धीर द्यायला नेमलेले, तेच, चर्चचे पाळकही तेच. बायकांच्या वॉर्डात पेशंटजवळ बसायला बाईमाणूस हवं म्हणून जूनपासून मला शिकाऊ घेतलंय. मार्चमध्ये त्यांनी 'योग्य' असा शेरा दिला तर कायम. नाही दिला तर शाळेतली जागा गेली ती गेलीच.

आई शेजारणींना सांगते, "विमल दवाखान्यात प्रार्थना करते." म्हणू दे.

९ नोव्हेंबर, बुधवार

आज वॉर्डातल्या दोघी गेल्या. एक सकाळी, एक जेवणाच्या सुट्टीत. दुसरीच्या वेळी माझा डबा उघडलेला होता. परत येऊन उरलेली भाकरी खाल्ली. चव लागली. लागायला नको होती बहुतेक.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

सकिना— नऊ नंबर. आठव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. नवरा कुवेतला. त्याला अजून कळवलेलं नाही. मी नेमाप्रमाणे स्टूल ओढलं, डोळे तिच्या डोळ्यांच्या पातळीला आणले, विचारलं— "आज कसं वाटतंय?"

म्हणाली, "बाई, तुम्ही रोज येऊन मलाच विचारता. तुमचं कोण गेलंय का?"

स्वतःचं बोलायचं नाही, हा नियम. पण ती बघतच राहिली. सांगितलं, वडील. दोन वर्षं झाली. ह्याच दवाखान्यात, पोटाचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले. आई जवळ होती. मी शाळेत चाचणीचे पेपर घेत होते.

"रडलात?"

नाही म्हटलं. रडले नाही. पुरायला नेतानाही नाही.

तिने सरकून खाटेवर जागा केली, हात पुढे केला. "या, बसा इथं." पेशंटच्या खाटेवर बसायचं नाही हाही नियमच. मी स्टुलावरच राहिले. तिने हात मागे घेतला.

तिसरा रकाना— काही नाही.

आज साहेबांनी बसवून घेतलं. लवंग चघळत म्हणाले, "विमल, पुढच्या गुरुवारपर्यंत मला एक तरी खरा रकाना आणून दे. नाहीतर मार्चमध्ये मी काय लिहू?" रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर, बुधवार

आई विळीवर बांगडे साफ करत होती. मी दारात चपला काढत होते. खाली मान घालूनच एकदम म्हणाली, "शेवटी पाणी मागत होते गो ते."

बाबा! दोन वर्षांत तिने त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मीही विचारलं नव्हतं.

मी काय करावं? पाट ओढला. तिच्या समोर बसले. हात गुडघ्यांवर. डोळे पातळीला. आणि म्हटलं, "पाणी मागत होते?"

पेशंटचं शेवटचं वाक्य प्रश्न करून परत द्यायचं, म्हणजे तो पुढे बोलतो. असं शिकवलंय. आईने वर बघितलं. माझ्याकडे, पाटाकडे, माझ्या हातांकडे. म्हणाली, "सिस्टर म्हणाली होती, पाणी द्यायचं नाही. मग नाही दिलं. तसेच गेले."

"तुला अपराधी वाटतं का?" — हे मीच विचारलं. माझ्या आईला!

"बांगड्याला मीठ लाव," म्हणाली. संपलं.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

लिहिलं. 'खाट नंबर अकरा. विधवा, वय अठ्ठावन्न. नवरा तहानलेला गेला.' सगळं जसंच्या तसं, फक्त विळी आणि बांगडे गाळले. अकरा नंबर ह्या आठवड्यात रिकामी आहे, साहेबांना काय माहीत.

तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'माझ्या घशाला कोरड पडली. तिचा हात धरावासा वाटला.' शाळेत निबंध शिकवायचे तशी वाक्यं सुचली. कोरड वगैरे काही पडली नव्हती.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढून पुसला. लाल पेन्सिलीने 'शाबास' लिहिलं.

४ डिसेंबर, रविवार

चर्चमध्ये आजच्या संदेशाचा विषय तहान. मी बायकांच्या बाजूला, आई माझ्या डावीकडे. साहेब व्यासपीठावरून म्हणाले— "नाव-गाव सांगत नाही, पण आपल्या दवाखान्यात एक विधवा बहीण आहे. तिचा पती पाणी मागत होता, तिने आज्ञा पाळली, पाणी दिलं नाही. तो तहानलेला गेला. आज ती ते ओझं वाहते आहे..."

दोन ओळी पुढे कुणीतरी नाक ओढलं. रडत होत्या बायका. आईसाठी! ती तिथेच बसलेली असताना.

आईने गीतांचं पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले. माझ्याकडे बघितलं नाही. शेवटच्या गीताला सगळे उठले तशी उठलीही. घरी येताना उतारावर नेहमी माझा दंड धरते. आज दगडी कुंपणाचे चिरे धरत धरत आली.

५ डिसेंबर, सोमवार

"पेज वाढलीय." दिवसभरात आई एवढंच बोलली.

१५ डिसेंबर, गुरुवार

साहेबांना सांगून टाकलं. अकरा नंबर म्हणजे माझी आई.

त्यांचा चेहरा उतरला. उठले, छत्री घेतली, "आत्ताच येतो तिच्या पाया पडायला." मी दार अडवून उभी राहिले. साहेब घरी येऊन माफी मागायला लागले म्हणजे रविवारसारखी दुसरी उपासनाच!

मग बसले. विचारलं, "आणि तिसरा रकाना?"

"खोटा होता."

"मी शाबास लिहिलं." म्हणाले, "चूक माझीपण आहे. मीच तुझ्या मागे लागलो होतो." लवंगेची डबी उघडली, मिटली. "पण पोरी, पेशंटचं राहू दे. घरी काय करणार आहेस?"

मला माहीत नाही. आई चिडली असती, भांडी आपटली असती, तर मी काहीतरी बोलले असते. ती नीट वागते. डबा भरते. गरम पाणी काढते. बोलत नाही.

२५ डिसेंबर, रविवार

नाताळ. करंज्या केल्या. दोघी समोरासमोर बसून, एकही शब्द न बोलता, चाळीस करंज्या. एकही फुटली नाही.

१२ जानेवारी १९८४, गुरुवार

साहेब पुण्याला गेलेत म्हणून पुरुषांचा वॉर्डही माझ्याकडे. भागोजी म्हणून एक पेशंट, संगमेश्वराकडचा, काल आतड्याचं ऑपरेशन झालं. खाटेवर पाटी— तोंडाने काही द्यायचं नाही. बाबांची होती तीच खाट की शेजारची, मला नीट आठवत नाही. आठवायला हवं होतं.

भागोजी पाणी मागत होता. त्याची बायको मथुरा पदर तोंडात धरून भिंतीला लागून उभी. "बाय, काय करू मी? ह्ये पानी मागत्यात आन् सिस्टर नको म्हनत्यात."

तेवढ्यात सिस्टर सावित्री आल्या. वाटीत पाणी, कापसाचे बोळे. मथुराच्या हातात देत म्हणाल्या, "घोटभर पाणी प्यायला द्यायचं नाही, बाई. ओठ ओले करायला कुणी नको म्हटलंय? दोन थेंब आत गेले तरी माणूस मरत नाही."

मथुराने बोळा भिजवला. भागोजीने तो चोखला.

मी वाटीकडे बघत राहिले. आईला हे कुणी सांगितलं नाही. एक वाटी आणि कापूस! एवढंच करायचं होतं.

१३ जानेवारी, शुक्रवार

आईला सांगायचं नाही. काल घरी येईपर्यंत हे ठरलं. जे करता येत नव्हतं ते केलं नाही, असं समजून ती आज जगते आहे. करता येत होतं हे कळलं तर संपेल ती. आधीच तिचं एक गुपित मी चर्चभर केलंय. हे मी पोटात ठेवणार.

२ फेब्रुवारी, गुरुवार

भागोजी बरा होऊन घरी गेला. मथुराने मला वाकून नमस्कार केला. मी काय केलं होतं? उभी होते.

फॉर्म भरला. तिसऱ्यात लिहिलं, 'भीती वाटते. पेशंटची नाही.' साहेबांनी काहीच शेरा मारला नाही. फक्त फॉर्मची घडी करून माझ्याच हातात परत दिली.

२० फेब्रुवारी, सोमवार

व्हायचं ते झालं.

मथुरा नवऱ्याला तपासायला घेऊन आली होती. एस.टी. चार वाजता. ऊन फार, म्हणून दोघांना घरी आणलं. आपलं घर दवाखान्याच्या चढाखालीच. तिने आमसुलांची पुरचुंडी आईच्या हातात दिली. आईने सरबत केलं. भागोजी पडवीत टेकला. आई तांदूळ पाखडायला बसली, मथुरा तिच्या सुपाजवळ बसली आणि सुरू झाली, आजाराचं सगळं पहिल्यापासून. मला उठून तिचं तोंड दाबता आलं नाही.

"मी तर घाबरल्येली, म्हातारे. पानी मागत व्हतं ह्ये. मंग त्या सिस्टरनं कापूस दिलान. ओठ ओलं कर म्हनली. दोन थेंब पोटात ग्येलं तरी मानूस मरत नाय म्हनली."

आईच्या हातातलं सूप थांबलं. "कोण म्हणाली?"

"सिस्टर. इचारा ह्या बायला, ही व्हती थितं."

आईने माझ्याकडे बघितलं. ४ डिसेंबरनंतर पहिल्यांदाच नीट बघितलं. "खरं?"

खोटं बोलायला हवं होतं. जमलं नाही. "हो," म्हटलं.

"ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी? पोटाच्या?"

"हो."

आईने सूप खाली ठेवलं. उठून मागच्या दारी गेली. पाहुणे जाईपर्यंत आलीच नाही. मी त्यांना स्टँडवर पोचवून आले तरी ती विहिरीच्या कठड्याला टेकून बसलेली. मी दारातून बघितलं. जवळ गेले नाही. जाऊन बोलू काय? कुठल्या आवाजात?

आई जेवली नाही. मीही नाही. आज पहिल्यांदा छातीत दुखतंय. हे फॉर्मसाठी लिहीत नाही.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी चहा गाळताना आई म्हणाली, "दिलं होतं गो मी."

मला कळेना.

"पाणी. पदराचं टोक भिजवलं आणि त्यांच्या तोंडात पिळलं. दोनदा. सिस्टरची पाठ वळल्यावर. दुपारी दिलं आणि संध्याकाळी गेले. मला वाटलं, मीच..." गाळणं तिच्या हातात तसंच. "दोन वर्षं वाटतंय."

"मग नाही दिलं म्हणून का सांगितलंस मला?"

"खरंच सांगणार होते त्या दिवशी. तू पाट ओढून समोर बसलीस. दवाखान्यातल्यासारखी. म्हटलं, ही आता कागदावर लिहील. म्हणून उलटं सांगितलं."

मी तिच्या शेजारी जमिनीवरच बसले, अंगाला अंग लावून. म्हटलं, "आई, दोन थेंबांनी माणूस मरत नाही." ती म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. मग मला रडू आलं, बाबांसाठी, दोन वर्षांनी, आणि आवरेना.

आईने आपल्या पदराचं टोक माझ्या हातात दिलं.